पलीकडे

सातपूरच्या गाळ्यात, रात्री पावणेदोनला,
पाचशे बारा मेसेज गेले:
"आजचा द्राक्षांचा भाव, रुपये"
आणि पुढं काहीच नाही.
पिंपळगावहून एकानं लगेच विचारलं,
फुकट न्यायचा विचार आहे का?

दिवसा हीच फाइल नीट चालते.
तिच्या तिसऱ्या ओळीत दोन टिंबं, एक तिरकी रेघ,
म्हणजे एक पायरी मागे जा,
शेजारच्या खोलीतून भाव घेऊन ये.
नुसतं नाव लिहिलं असतं
तर यादीतली घरं धुंडाळली असती,
शेवटी तिच्या स्वतःच्या घरातही डोकावलं असतं कुणी.
टिंबानं सुरुवात केली की यादी मिटते.

रात्री तिला क्रॉन उठवतो.
तो उभा असतो भलत्याच दारात
आणि पायरी त्याच्या दारापासून मोजली जाते.
ती कुठं राहते, कुणी विचारत नाही.
हाक मारणारा कुठं उभा आहे, एवढंच.
इन्क्लूड होतं, म्हणून जराशी कुरकुर करून
रिकाम्या हातानं पुढं गेली.
रिक्वायर असतं तर उंबऱ्यातच बसली असती.

रंगनाथमामा नाग चौकात जन्मला.
"पलीकडे" म्हणजे त्याला रविवार कारंजा, कायमचा.
पुढे बिऱ्हाड सिडकोत गेलं, तेही त्याच्या हिशेबी पलीकडेच.
एका संध्याकाळी शालिमारला रिक्षात बसला,
म्हणाला, पलीकडे घ्या.
रिक्षावाल्यानं पूल ओलांडला.
दहा वाजेपर्यंत मामा मालेगाव स्टँडवर,
गुडघ्यावर भाजीची पिशवी,
घर इथंच कुठंतरी असणार म्हणून.
चुकलं कुणाचंच नव्हतं.

गांगुर्डे मॅडमचा फोन: झालं का?
बघतो, म्हटलं.
मुळापासून पूर्ण पत्ता लिहावा,
तर एप्रिलात सर्व्हर बदलणार आहे,
बिऱ्हाडं बदलतातच.
मग दोन-दोन अधोरेषांच्या मध्ये डिर लिहिलं.
म्हणजे, हाक कुठूनही येवो,
मी जिथं ठेवलेली आहे तिथून मोज.

दोन वीसला पुन्हा चालवली.
रुपये बेचाळीस.
पिंपळगाववाल्याचा अंगठा आला, उलटा.

त्या संध्याकाळनंतर मामीनं
मामाच्या खिशात चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली.
तीत पत्ता नसायचा.
फक्त तिचा नंबर,
आणि खाली: आहात तिथंच थांबा.