कोणतेही ओझे

कळमना यार्डाचा नियम, कलम नऊ:
‘सूर्यास्तानंतर आवारात कोणीही
कोणतेही ओझे उचलू नये.’
देवाजी मसरामनं उचललं,
मे महिन्यात, सात वाजून दहा मिनिटांनी,
उन्हानं पडलेल्या हनीफला, पाठीवर,
फाटकापर्यंत.
पावती: पाचशे रुपये.

सरकारी वकील म्हणाले, ‘कोणतेही’ म्हणजे कोणतेही.
हनीफचं वजनही काढून आणलं होतं त्यांनी,
चौसष्ट किलो.
कुलरमधलं पाणी संपलेलं, वाळ्याचा कोरडा वास.
मी स्टेनो. माझी पेन्सिल थांबली.

भोंगाडे बाईंनी शब्दकोश मागवला नाही.
विचारलं, नियम आणला कशासाठी?
अंधारात पोत्यांखाली हमाल चेंगरायचे म्हणून.
‘मग हमालाला जपणाऱ्या नियमानं
हमालाला तिथंच पडू द्यावं,
असं होतं का हो लिहिणाऱ्याच्या मनात?’
वकील गळ्यातला बँड चाचपत राहिले.

मागून देवाजी बोलला,
‘पण भारी तं होताच जी तो.’
शिपायानं त्याला गप्प केलं.
ही ओळ निकालात नाही.

दंड रद्द. कलमातला शब्द तसाच.
टाइप करताना ‘ओझे’ अठरा वेळा आलं.
बाहेर सिव्हिल लाइन्समध्ये दिवस बुडालेला.
उद्याच्या फायलींचा गठ्ठा काखेत मारला
न् निघाले.