आडमुठी

नावाचे चार थर.
वरचं पनामाचं, त्याखाली कुणा ग्रीक मालकाच्या बायकोचं,
त्याखाली युद्धातला राखाडी, म्हणजे नावच नाही,
शत्रूला वाचता येऊ नये म्हणून.
राखाडीच्याही तळाशी वेल्डिंगनं उठवलेली अक्षरं;
कटर रामसमुझ बोटांनी चाचपत म्हणाला,
कुछ लिखा है, बाबूजी.

बाबूजी म्हणजे माझे वडील,
दारुखान्यात भंगाराच्या काट्यावर कारकून.
साल चौसष्ट. उधाणाच्या भरतीला
ती स्वतःच्याच वाफेवर आली आणि चिखलात रुतली.
मी नऊ वर्षांची, दुपारचा डबा पोचवायचे.

गफूरचाचा परकार, बाणकोटचा, प्लॉटचा राखणदार,
त्यानं अक्षरांकडे पाहिलंसुद्धा नाही.
"वाचता कोणाला येत होतं?
आम्ही खलाशी हिला आडमुठी म्हणायचो.
सुकाणू फिरवा, ही आधी विचार करणार,
मग वळणार. वळलीच तर."

वडिलांच्या डब्यातली अर्धी भाकरी घेऊन
तो रोज थोडंथोडं सांगायचा.
कुठल्याशा थंड नदीवर सदुसष्ट दिवसांत बांधलेली.
तळाला बाँब, मधे गहू, डेकवर खेचरं;
वादळात खेचरं माणसांसारखी रडायची.
बसरा, सुएझ, पुन्हा मुंबई, पुन्हा कोळसा.
भट्टीपुढं चार तास. घामाचं मीठ
पाठीवर सुकून नकाशा व्हायचा,
आणि कुठं चाललोय ते त्यातूनही कळायचं नाही.

एक गोष्ट त्यानं तीन दुपारी टाळली.
चौथ्या दुपारी भाकरी खाली ठेवली.
"ताफ्यातलं शेजारचं जहाज फुटलं.
आम्ही खाली, आम्हाला नुसता धक्का कळला.
वरून घंटा आली, पूर्ण वेग.
पाण्यात माणसं असली तरी थांबायचं नाही, असा हुकूम.
मी फावडं मारत राहिलो.
संध्याकाळी कळलं, हसन त्यावर होता. धाकटा माझा.
आणि ही सटवी,
जन्मात कधी कोणाचं न ऐकलेली,
त्या दिवशी बरी ऐकली."

वडील काही बोलले नाहीत.
तांब्या पुढे सरकवला.

दिवाळीनंतर कापत कापत बॉयलरपाशी पोचले.
भट्टीचं दार काट्यावर आलं,
बिडाचं, कडीपाशी घासून गुळगुळीत झालेलं.
चाचानं भाव विचारला.
वडिलांनी किलोचा दर सांगितला, त्याचा पगार त्यांना ठाऊक होताच.
मग त्यांनी वही उघडली
आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यादेखत, खोटं लिहिलं:
घट, बेचाळीस किलो. कारण: गंज.

माझगावच्या एका कोळ्याची होडी,
दोघांनी उचलून ठेवलेलं दार,
गोणपाटात, जसं काही थंडी लागेल.
अंधार पडता पडता चाचा परतला, हात मोकळे.
वडिलांनी विचारलं नाही. मी विचारलं.
म्हणाला, "उघडंच सोडलं."
दार एकटं उघडं कसं राहील, बिजागऱ्या तर जहाजातच राहिल्या,
हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं.

महिनाअखेरीस शेठनं त्या ओळीवर बोट ठेवलं:
एवढा गंज?
समुद्रातलं आहे, वडील म्हणाले,
आणि पुढचा ट्रक काट्यावर घेतला.