हाताच्या पाठीनं

एप्रिल अर्धा सरला की
गोळीबार चौकाच्या मागच्या घरांतून
माळ्यांवरचे कूलर खाली उतरतात,
पत्र्यावर गेल्या सालच्या पाण्याची
पांढरी खार घेऊन.

हेडाऊकाका सायकलला पिशवी अडकवतात,
मी मागं, टेस्टर घेऊन.
तीस वर्षं मागावर बसलेली बोटं.
माग विकला, बोटं तीच राहिली,
तार सोलतात सुताची गाठ उकलावी तशी.

"मेन बंद?"
"बंद."
"डोळ्यानं पाह्यलं का नुसतं म्हणून राह्यली?"
मी परत जाऊन पाहते.

पंपाची पिन हिरवी पडलेली.
पॉलिशपेपरनं घासली की खालचं पितळ जागं होतं.
मग ती ट्यूब: भाताच्या पेजेसारखं,
चिकट, बिनवासाचं ग्रीस.
उमरेडकरबाई वाकून विचारतात,
"यातून करंट जाते का?"
"नाही जात."
"मंग लावता काहून?"

काका पिन दाबून बसवतात.
"दाबलं का धातूले धातू भेटते, बाई.
हे बाजूले सरकते,
फटीत बसून राह्यते,
अन् पाण्याले म्हणते, इथं जागा नाही."

मी जरा जास्त घेतलं तर खेकसतात,
"पुरणपोळीवरचं तूप होय का ते? पूस."
हिरवी अर्थिंगची तार आधी, ग्रीस मागून.
"याच्या भरवशावर अर्थिंग सोडशील,
त्या दिवशी मी तुले सोडीन."

ट्यूब महाग आहे.
काका तिचे पैसे कोणाकडून घेत नाहीत.
काहून, ते मला दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं,
नाईक तलावाजवळच्या एका गल्लीत,
जिथं आम्ही सायकलची घंटीही वाजवत नाही.
एका ओट्यावर एक बाई गहू निवडत असते.
ओली फरशी, टेप गुंडाळलेला जोड,
सात वर्षांचा मुलगा,
दुपारची वेळ.
टेप कोणी गुंडाळली होती
ते मी विचारलं नाही.

मेन चालू.
पंप आधी खोकतो, मग पाणी
वाळ्यावरून उतरू लागतं.
उमरेडकरबाईंची नात धावत येते,
काका तिला आडवा हात घालतात.
पत्र्याला आधी स्वतः हात लावतात.
तळवा नाही, पाठ,
लेकराचा ताप पाहावा तशी.

जरा वेळ ठेवतात.
लागतो त्यापेक्षा जरा जास्तच.