अकरा सेकंद

मिलफर्ड हेवनहून ग्लेनिस प्रोथेरो यांचं पत्र आलं,
आखीव कागदावर, निळ्या शाईत,
सोबत टाचलेलं टेलिफोनचं बिल.
एका ओळीखाली पट्टी धरून रेघ मारलेली:
सत्तेचाळीस मिनिटं. एकतीस पौंड शहाण्णव.

ही तक्रार नाही, असं आधीच लिहिलंय.
एम्रिस जाऊन नऊ दिवस झाले होते,
त्याच्या नावावरचा मीटर बदलून घ्यायचा होता.
नंबर नातवानं शोधून दिला;
तो कंपनीचा नव्हता, कंपनीला जोडून देणाऱ्या
भलत्याच कुणाचा होता, हे मागाहून कळलं.
एक बाई म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे.
मग पियानो. मग तीच बाई. पुन्हा मोलाचा.
मोल किती, ते काही बोलली नाही.

'मग एक मुलगा आला, फार गुणी.
म्हणाला, वाईट वाटलं ऐकून, कसे गेले?
आणि मी सांगत बसले.
त्याची बोट, त्याचे गुडघे, शेवटी घशाखाली न उतरणारा चहा.
मिनिटाला अडुसष्ट पेन्स पडतात हे ठाऊक असतं
तर मीटरचा आकडा सांगून ठेवून दिला असता फोन.
एम्रिसबद्दल ऐकायला मला शेजारीण आहे, फुकट.'

खाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं:
'आमच्या वेळी धक्क्यावर लाल पेटी होती.
नाणं मुठीत गरम व्हायचं.
पैसे संपत आले की कानात पीप पीप,
आणि माणूस महत्त्वाचं तेवढं बोलून घ्यायचा.
एम्रिसनं मला लग्नाचं त्या पीपमध्येच विचारलं.'

माझं काम नियम लिहायचं.
कार्डिफ, तिसरा मजला, खिडकीबाहेर गाड्यांचा तळ.
टेबलावर जाहिरातींचा ढीग:
नंबर हत्तीएवढा, दर मुंगीएवढा,
तोही पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत.
ताकाला जाऊन भांडं लपवणारे ऐकले होते,
इथे ताकवालाच भाव लपवून बसलाय.
दराचे तुकडे दोन, एक नंबरवाल्याचा, एक फोनवाल्याचा;
दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात
आणि बिल जातं मिलफर्ड हेवनला.

म्हणून एक वाक्य लिहिलं.
कॉल लागताच, पियानोच्या आधी, दोन्ही तुकड्यांची बेरीज करून.
बैठकीत कंपन्यांच्या बाजूचे लोव्हॅट यांनी ते वाचून दाखवलं
वाटाणे सांडल्यासारखं, पाच सेकंदांत.
'सगळं आलं ना त्यात?'
सगळं आलं होतं.
मग मी वाचलं,
उजव्या कानानं बहिऱ्या मॉर्विनमावशीला सांगावं तसं.
अकरा.

'सहा सेकंद जास्त,' ते म्हणाले, 'वर्षाचे कॉल किती? गुणून बघा.'
मी गुणलं. आकडा खरंच मोठा होता.
मग विचारलं, या अकरा सेकंदांचे पैसे कोण देणार?
कॉफीच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.
गेथिननं पेनाचं टोपण काढलं,
मसुद्यात लिहिलं: फुकट.
मग ते खोडून: 'आकारणी सुरू होण्यापूर्वी'.
फुकट हा शब्द कायद्याच्या तोंडी बसत नाही म्हणे.

मसुदा अजून मसुदाच आहे.
बाईंना छापील उत्तर गेलं, तीन परिच्छेदांचं,
त्यात 'आपण' सात वेळा आणि 'दुर्दैवाने' दोनदा.
खाली मी हातानं जोडलं:
पीप परत आणायचा प्रयत्न चाललाय.
या वेळी आधीच वाजेल. थोडी लांब आहे, अकरा सेकंद.

परवा पोस्टकार्ड आलं, बंदराचं चित्र,
मागे एवढंच:
'अकरा?
एम्रिसला इतके लागले नव्हते.'