साठच्या पुढे

वाघोडिया रोडवर चाळिसाला काही नाही.
पन्नासला लांब कुठेतरी, बंद दाराआड
कुणी पिठाची गिरणी लावल्यासारखं.
साठच्या पुढे मात्र पायाखालून घूंऽऽऽ
आणि रेडिओकडे आपोआप जाणारा माझा हात.

दोन महिने मी रेडिओच मोठा करत होते.

पाणीगेटचे यासीनभाई म्हणाले, 'टायरनो अवाज छे, बेन.'
दोन नवे टायर. सात हजार आठशे.
नव्या टायरांनी तोच सूर धरला,
जरा स्वच्छ.

मग मीच लक्ष द्यायला लागले.
उड्डाणपुलाच्या उतारावर गिअर काढून गाडी सोडली:
इंजिन खाली बसलं, आवाज बसला नाही.
पहाटे, रस्ता रिकामा असताना,
डावीकडे झोक दिला तर चढला,
उजवीकडे दिला तर विरला.
डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो
हे मी नववीला दरवर्षी शिकवते,
आणि मला ते सुचलं चौथ्या दिवशी.

बाबांना सांगून उपयोग नव्हता.
एकतीस वर्षं मकरपुऱ्याला, बेअरिंगच्याच कारखान्यात, ग्राइंडिंगला.
शेवटच्या दिवशी बूट, टोपी, हजेरीचं कार्ड
आणि कान
तिथेच जमा करून आले.
यंत्र घेऊन दिलंय, ते चष्म्याच्या घरात झोपतं.
आम्ही ओरडून बोलतो, ते आमचे ओठ बघतात
आणि तिसऱ्याच गोष्टीला हो म्हणतात.

रविवारी पुढचं उजवं चाक जॅकवर चढवलं
तेव्हा ते पायरीवर पापडी सोलत होते.
न बोलावता आले, हात लेंग्याला पुसत.
मी चाक बारावर आणि सहावर धरून हलवलं,
म्हटलं, ढिलं तर नाहीये.
त्यांना ऐकू गेलं नसणार.
बोटानं खूण केली: फिरव.
आणि पंजा आत घालून स्प्रिंगवर ठेवला,
परक्या कुत्र्याच्या पाठीवर ठेवतात तसा,
आधी नुसता टेकवून.

डोळे मिटले.
'खरखरतंय,' सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असे म्हणाले,
'रेसला खड्डा पडलाय. लाव हात.'
मी लावला. आधी काहीच नाही.
मग होतं काहीतरी, बारीक,
मुंग्या आलेल्या पायासारखं.
डाव्या चाकाला तेच करून पाहिलं.
तिथे नुसतं गार लोखंड.

गॅरेजात तेही आले.
नटाला पाइप लावून दोघं लटकले तेव्हा सुटला.
हब निघालं, पण आतली रेस त्याला धरूनच बसली,
ग्राइंडरनं कापावी लागली.
ठिणग्या उडाल्या तसे सगळे मागे सरले, बाबा पुढे,
वास घ्यायला.

नवं बेअरिंग प्रेसखाली.
पोऱ्यानं नळी मधोमध ठेवली आणि बाबा ओरडले,
'बाहेरच्या रिंगवर! आतली दाबलीस तर
गोळ्या आत्ताच मरतील!'
पोऱ्यानं यासीनभाईंकडे पाहिलं.
यासीनभाईंनी मान हलवली. नळी बदलली.
मग टिपणीसकाकांसाठी चहा आला, मलाईवाला.
टायरांबद्दल कुणीच काही बोललं नाही.

जुनं बेअरिंग बाबांनी रुमालात बांधून आणलं.
पूर्वी खिशातून रिजेक्ट गोळ्या आणायचे.
गल्लीत आमच्याशी गोट्या खेळायला कुणी तयार नसे,
आमची गोळी लागली की त्यांची काच फुटायची.

संध्याकाळी वाघोडिया रोड. साठ. पासष्ट. सत्तर.
इतकं शांत
की कप्प्यातलं सुटं नाणं ऐकू येत होतं.
मी ओठ मोठे करून म्हटलं, गेला आवाज.
'हो,' ते म्हणाले, 'येताना पापडी घेऊ अजून.'

त्यांचा तळवा दाराच्या पत्र्यावर होता,
सगळा रस्ता.