पासंग

पार्ल्यात, हनुमान रोडच्या मागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टर देवस्थळींच्या क्लिनिकात
काट्यावर चढण्याआधी
सवयीने वाकून मी त्याचं शून्य पाहिलं.
रिकामा काटा चारशे ग्रॅम दाखवत होता.
काही बोलले नाही.
त्या दिवशी रजेवर होते.

एकवीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासते.
क्रॉफर्ड मार्केटातल्या सुक्यामेव्याचे, भाऊच्या धक्क्यावरचे,
कुर्ल्याच्या भंगारवाल्यांचे,
ज्यांच्या पारड्याखाली हमखास चुंबक सापडतं.
वीस किलोचं लोखंडी वजन एका हाताने उचलते.
तरी भायखळ्याच्या एका कांदेवाल्याने विचारलं,
मॅडम, बरं नाही का? सरबत मागवू?
मी त्याची दंडाची पावती फाडत होते तेव्हा.
भाच्याच्या लग्नाच्या अल्बमात
माझ्या गालांच्या जागी दोन वाट्या आहेत,
उताण्या, रिकाम्या.

बेचाळीस पूर्णांक सहा, असं त्यांनी लिहून घेतलं.
(बेचाळीस पूर्णांक दोन.)
मग पोट चिमटीत धरून पाहिलं,
मांडी पाहिली, कमरेच्या वर पाठीमागे पाहिलं,
आणि म्हणाले, गालात घालायची
तर कुठून तरी काढावी लागते ना चरबी.
तुमच्याकडे काढण्याजोगं काही नाही.
पाचेक किलो वाढवा,
मग सहा महिने ते वजन हलू देऊ नका.
आणि नंतर उतरलात, तर गालही उतरतील.
पोटातून आणलेली असते ना,
गालात राहायला गेली
तरी वागते पोटासारखीच.

मला अण्णा आठवले.
चाळीस वर्षं भांडुपला काढली,
पण घरी जातो म्हणाले की समजायचं, देवरुख.

शरयू शेजारच्या खुर्चीत होती.
माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, माझ्या दुपटीहून जास्त.
लहानपणी एका ताटात जेवायचो.
आई म्हणायची, थोरली खाते
आणि धाकटीच्या अंगी लागतं.
तिने कमरेवरची वळी साडीसकट मुठीत धरली,
माझी घ्या की डॉक्टर.
हवी तेवढी. फुकट.

डॉक्टर हसले. बहिणीची चालत नाही,
अंगाला परकं कळतं.
रक्त चालतं, शरयू म्हणाली.
रक्त चालतं, ते म्हणाले. हे नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली.
मग पर्सची चेन उघडत, बंद करत,
मला घरी न सांगितलेला प्रश्न तिने विचारला,
की मग नुसतं काढायचं म्हटलं तर?
माझं?
आधी वीस किलो उतरवा, डॉक्टर म्हणाले,
हा वजन घटवायचा उपाय नव्हे.

फी दोघींची मिळून अठराशे.
आमच्या खात्यात याला एक शेरा असतो,
मुद्रांकन नाकारले.
तो मी हजारदा लिहिला असेल,
लिहून घेणाऱ्याच्या तोंडाकडे
कधी नीट पाहिलं नव्हतं.

खाली उतरल्यावर रिक्षा मिळाली.
शरयू बसली तशी ती तिच्या अंगाला कलली.
मी मुकाट्याने पलीकडच्या कडेला सरकले,
पासंग म्हणून.
माझ्या बेचाळीस किलोंनी काय होणार?
ती म्हणाली, मूर्ख आहेस का, इकडे ये, पडशील.
तिच्या दंडाला टेकून बसले.
ऊन ऊन होता तो दंड, आईच्यासारखा.

तेव्हापासून रात्री दुधात खजूर,
सकाळी शेंगदाण्याचा लाडू.
दर रविवारी शरयूचा फोन येतो, किती?
सव्वाचव्वेचाळीस. तुझं?
माझं नको विचारूस.

क्लिनिकच्या काट्याची नोटीस
अजून ड्रॉवरमध्येच आहे, सही करून.
पाठवली की ते काटा दुरुस्त करतील,
आणि पुढच्या खेपेला
मी चारशे ग्रॅमने कमी भरेन.