काटा

पांझरेच्या अलीकडं, बंद गिरणीच्या भिंतीला लागून
माझं भंगाराचं दुकान.
गावाला काय झालंय ते मला आधी कळतं,
डॉक्टरला नंतर, पोलिसाला शेवटी.
किंवा पोलिसाला सगळ्यात आधी; ते आपण बोलू नये.

पूर्वी पोत्यात देशीच्या काचा यायच्या,
लग्नसराईत जास्त, पोळ्याला त्याहून जास्त.
आता येतात तपकिरी प्लास्टिकच्या, शंभर मिलीच्या,
खोकल्याच्या औषधाच्या,
दिवसाला दीड पोतं.
एवढं औषध पिऊनही
गल्लीत खोकणारा मी एकटाच,
तोही भंगाराच्या धुळीनं.

प्रत्येक बाटलीवर मापाचं झाकण,
पाच मिली, दहा मिली, बारीक रेघा मारलेलं.
ते कोरंच असतं, कुणी तोंड लावलेलं नसतं.
माझी नात ती झाकणं धुऊन भातुकलीत घेते,
बाहुलीला रेघेपर्यंत पाजते,
म्हणते, एवढंच हं, आता झोप.

लोकेश पहिल्यांदा आला तो नळाची तोटी घेऊन.
कुठली, मी विचारलं नाही.
त्याला ओळखत होतो.
भरतीच्या पोरांत पहाटे पाचला पळायचा,
गिरणीच्या भिंतीला वळसे घालत सोळाशे मीटर,
छाती पाच सेंटीमीटर फुगवून
टेप धरायला मलाच लावायचा.
दोन वर्षं पळाला, दोन मार्कांनी राहिला,
पुढची भरती निघेल निघेल म्हणता वय निघून गेलं.
मग सावद्याला केळीच्या गाड्या भरायला, रात्रपाळी.
गुडघा सुजला तेव्हा कुणीतरी म्हणालं,
हे घे, दुखत नाही.
खरंच दुखलं नाही.
तिथंच तर.

आणि एक दिवस हंडा.
पितळी, पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेलं:
सौ. कोकिळा हिस मामाकडून, १९९४.
तीन किलो आठशे.
मी पैसे दिले. दुकान आहे, द्यावे लागतात
असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी कोकिळाबाई आली,
मनगटापर्यंत बिबड्यांचं ओलं पीठ.
'हिलालभाऊ, कितला दिनात तेले?'
तेवढेच मोजले, हंडा डोक्यावर घेतला.
वरचे दहा रुपये मी घेतले नाहीत,
एवढंच माझं पुण्य.

आषाढात पुन्हा.
श्रावणात, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, पुन्हा;
त्या वेळी तिनं विचारलं, पितळना भाव वाढना का?

चौथ्या खेपेला हंडा ठेवताना त्याचा झोक गेला,
दोन्ही पाय काट्यावर आले.
मी मनात हंडा वजा केला.
बेचाळीस.
पळायचा तेव्हा याच काट्यावर बासष्ट भरायचा,
भरल्यावर हसायचा.
बटण दाबून मी शून्य केलं.
'किती झाले?' त्यानं विचारलं.
हंड्याचंच विचारत होता.

रात्री ती आली, पैसे न आणता.
'तेना पायमा चप्पल व्हती का?'
व्हती, मी म्हणालो.
नव्हती.
ती हंड्यापाशी बसली, नावावरून बोट फिरवत.
'आठेच ऱ्हाऊ दे.
घरमा इकाले आते काहीच नही,
तो घर येवाव नही.
आठे तरी ई बाटल्या लई.
उना ते बसाड जराखा.'

पितळाची गाडी दर मंगळवारी जाते.
चार मंगळवार मी हंडा मागं ठेवला.
मग त्यात पाणी भरलं, वर पेला उपडा घातला,
येणाऱ्याजाणाऱ्याला.

लोकेश आला नाही अजून.
आज दुपारी दुसराच एक आला, चौदा-पंधराचा,
पायात शाळेचे बूट, पाठीवर पोतं.
दोन पेले पाणी प्याला.
मी त्याच्या बाटल्या मोजल्या,
पैसे दिले.